गणिताच्या सरांचं बंद केलेलं लॉगिन

धाराशिवच्या एका कॉलेजात मी सर्व्हर सांभाळायचो. आठ प्रोसेसरचं नवीन युनिक्स मशीन आलं होतं आणि अख्खं कॉलेज त्याच्यावरच काम करायचं. त्यात गणिताचे एक सर होते, निवृत्तीला वर्ष राहिलेले. ईट गावाहून रोज एसटीनं यायचे. या वयात प्रोग्रामिंग शिकले होते. आधी वहीत पेन्सिलीनं लिहायचे, मगच की-बोर्डला हात लावायचे.

ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत सर्व्हर अडकला. माउस हलेना, कुणाला लॉगिन होईना. बटण दाबून बंद करावा लागला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दोन्ही वेळा शेवटी चालू झालेला प्रोग्राम सरांचा होता.

"मी तर फक्त मूळसंख्या शोधतोय," सर म्हणाले. "कामाच्या दोन प्रोसेस केल्यात, दोन्ही एकदमच चालतात. निम्मे आकडे हिला, निम्मे तिला. उत्तरं फायलीत लिहायची, बास."

स्टाफरूममध्ये लोक हसले. विभागप्रमुखांनी सांगितलं आणि मी सरांचं लॉगिन बंद केलं. त्यांना कळवलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीनदा पासवर्ड टाकला, पेन खिशाला लावलं आणि निघून गेले. मी समोरच बसलो होतो. पुढं ते लॅबकडं फिरकलेच नाहीत.

मला चैन पडेना. त्यांचा प्रोग्राम मी जुन्या, एकाच प्रोसेसरच्या मशीनवर लावला. दुपारभर बिनतक्रार चालला. रविवारी सर्व्हरवर लावला, तर मशीन पुन्हा अडकलं. मग सात प्रोसेसर बंद करून एकावरच चालवला. काही झालं नाही. तेव्हा मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सूचना शोधल्या. दोष सिस्टिमच्या गाभ्यातच होता. दोन प्रोसेसरवर एकाच क्षणी फायलीचं काम निघालं, की मधे दुसऱ्यानं हात घालू नये म्हणून प्रत्येकाला दोन कुलपं घ्यावी लागायची; एक कुलूप हा धरून बसायचा, दुसरं तो, आणि दोघंही एकमेकाची वाट बघायचे. मागं बाकीचे खोळंबायचे. कुठलाही साधा वापरणारा, काही वाईट मनात नसताना, सगळं बंद पाडू शकत होता.

मी ईटला गेलो. सर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं चुकलं न्हवतं?"

"न्हाय सर. चुकलं आमचं. तुमचं लॉगिन मीच बंद केलं."

"मला वाटलं, वय झालं. आता आपल्याला जमत न्हाय." मग त्यांचे डोळे जरा चमकले. "पण मग कंपनीनं सोडवलं कसं?"

"कुलपं सगळ्या प्रोसेसरनी एकाच क्रमानं घ्यायची, असं ठरवून दिलंय."

"साधंच आहे की!" ते हसले आणि आत चहा सांगितला.

मी कंपनीची दुरुस्ती सर्व्हरवर चढवली, लॉगिन चालू केलं. सोमवारी सरांनी सगळ्यांदेखत प्रोग्राम लावला. आकडे सरसर उतरत राहिले. विभागप्रमुख मागं येऊन उभे राहिले. "सर, त्या दिवशी आम्ही जरा घाई केली," ते खालच्या आवाजात म्हणाले.

सरांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा, दाखवतो."