हनुवटीखाली दोन बोटं

त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी केस कापले नव्हते, टोकं छाटायची तेवढीच. रोज एक वेणी, लग्नकार्यात अंबाडा. आपल्याला काय शोभतं हा प्रश्नच पडला नव्हता.

मग उजवा खांदा आखडला. मी शहराबाहेरच्या सांवेर गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. फळ्यावर लिहायला हात वर जाईना, पाठीमागे तर मुळीच नाही. सकाळी सव्वासातची बस, आणि वेणी होईना.

"सांग मला कशी घालायची," नवरा म्हणाला. "तीनच तर पेड असतात."

त्याची पहिली वेणी बस शहराबाहेर पडायच्या आत सुटली. तो कंगवा वरून खाली ओढायचा आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आधी टोकांचा गुंता सोडवायचा, हे शिकायला त्याला आठवडा लागला. मग मात्र चार महिने त्याने रोज वेणी घातली, आणि चांगली घातली. त्या दहा मिनिटांत आमचं जेवढं बोलणं व्हायचं, तेवढं उरलेल्या दिवसात होत नसे.

पुढे त्याला ऑफिसने आठ महिन्यांसाठी पुण्याला पाठवलं. सासूबाईंनी दोन दिवस प्रयत्न केला, पण ऐंशीच्या घरातले त्यांचे हात थरथरायचे. तिसऱ्या दिवशी कंगवा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "कापून टाक. केस काय, वाढतात परत."

हे त्यांच्या तोंडून ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. त्यांचं मन बदलायच्या आत मी विजय नगरमधल्या एका मोठ्या सलूनमध्ये गेले. फोनवर एका मॉडेलचा फोटो होता : कानापर्यंत केस, कपाळावर सरळ झालर. कापणारी मुलगी म्हणाली, "मॅम, बहुत सूट करेगा," आणि तिने हुबेहूब तसेच कापले.

फोटोतली मुलगी लांबट चेहऱ्याची होती. माझा चेहरा गोल, कपाळ लहान, वर जाड चष्मा. आरशात नुसते गाल दिसत होते. सासूबाईंनी बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "वाढतील." मी बाथरूमचं दार लावून रडले. बाहेर आल्यावर खांदा ठणकतोय म्हणून सांगितलं.

नवऱ्याला व्हिडिओ कॉल केला. त्याने फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग म्हणाला, "मला विचारायचं होतंस गं." चेहऱ्यावरून कळलं, त्याला वेणीचं वाईट वाटत होतं. मी त्याला खरंच विचारलं नव्हतं.

सहा महिन्यांनी केस मानेवर आले, पण धड इकडे ना तिकडे. खांद्याच्या व्यायामासाठी मी तुकोगंजमध्ये जायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच मागच्या गल्लीतलं एक पार्लर सुचवलं. दोनच खुर्च्या, आणि चालवणारी साठीची बाई.

मी खुर्चीकडे वळले तर ती म्हणाली, "बैठना बाद में, मॅडमजी. पहले खड़ी रहो."

तिने मला समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग विचारलं, "चश्मा हमेशा? हाथ कितना ऊपर जाता है?"

हात कानापर्यंतच गेला.

"तो ऐसे काटेंगे कि एक हाथ से कंघी हो जाए."

मी फोन काढून नवा फोटो दाखवला. तिने नीट बघितला. "ये लड़की भी सुबह सांवेर की बस पकड़ती है क्या?"

मला हसू आलं. फोन पर्समध्ये टाकला.

तिने डोक्यावरचा भोवरा बोटाने चाचपला. म्हणाली, इतकी वर्षं तुम्ही मधोमध भांग पाडलात, म्हणून मागचे केस उभे राहतात. भांग डावीकडे हवा. गोल चेहऱ्याला केस हनुवटीच्या खाली दोन बोटं तरी यायला हवेत, नाहीतर सगळं लक्ष गालांवर जातं. झालर तिने बाजूला वळवून मोकळी केली. पांढऱ्या बटेला रंग लावू का, असं मीच विचारलं. "रहने दो. चेहरे पे अच्छी जा रही है."

घरी आल्यावर सासूबाईंनी मला दारातच थांबवलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मान छान आहे की गं तुझी," त्या म्हणाल्या. वीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय.

नवरा परत आला. त्यालाही आवडलं. वाढवणार का परत, हे त्याने दोनदा विचारलं. खांदा आता पूर्ण बरा आहे, पण मी नाही म्हटलं. तेव्हापासून त्याने विषय काढलेला नाही.

मागच्या महिन्यात मी तुकोगंजला निघाले तेव्हा सासूबाई चपला घालून तयार होत्या. पार्लरवालीने त्यांनाही आधी उभं केलं, पण आधाराला खुर्चीची पाठ दिली. मग करंगळीएवढी बारीक वेणी कापली आणि केस मानेवर आखूड ठेवले. रिक्षात त्या सारखा मानेवर हात फिरवत होत्या.

"कसं वाटतंय आई?" मी विचारलं.

"उद्या न्हायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्हा कोणाला हाक मारणार नाही. माझं मी करीन."