बाप्पामागची तबकडी

रेकॉर्ड लावायच्या आधी काकाजी सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. भिलाईतला मे महिना असला तरी. मग दाराची कडी, मग पडदा, आणि आवाज इतका बारीक की शेजारच्याला वाटावं, आत कुणीतरी मच्छर मारतो आहे.

तो शेजारी मी. सेक्टर दहात आमच्या क्वार्टरच्या भिंती लागून होत्या. काकाजी तुमसरकडचे, रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. गुरुवारच्या भजनात खंजिरी त्यांचीच. त्यांनी सूर धरला की बायका पदर सावरून बसत. अशा माणसाच्या पलंगाखाली परदेशी आरडाओरड्याच्या तीन तबकड्या असाव्यात, हे त्यांना स्वतःलाच पटत नसे. रेल्वेतले एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर निवृत्त होऊन मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा प्लेअर आणि मुलाने पाठवलेल्या त्या तबकड्या काकाजींना देऊन गेले. साहेबांना त्या सोसत नव्हत्या.

त्यांवर नावाजलेलं कुणीच नव्हतं. अमेरिकेतल्या लहानसहान गावांतली पोरं, एकेका टोळीचं एकेक गाणं, कधीकाळी मोटारीच्या गॅरेजात वाजवलेलं आणि विसरलं गेलेलं. कुणीतरी ती शोधून एकत्र केली होती. गिटार खरखरायची, ढोल मागे पडायचा, गाणाऱ्याचा गळा वर जाऊन फाटायचा. मी आमच्या घरातला पहिला बी.ए., म्हणून पाकिटावरचं इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे.

"मंग पुढं काय झालं याचं?" प्रत्येक गाण्यानंतर ते विचारत.

एक जण टायरच्या दुकानात लागला, बाकीच्यांचं माहीत नाही, असं लिहिलंय, मी सांगायचो.

"म्हणजे लागले असतीन ड्युटीवर," ते समाधानाने म्हणत.

एका गाण्यात गाणारा मध्येच शब्द विसरतो आणि तसाच ओरडत राहतो. तिथे काकाजी दर वेळी माझा दंड धरायचे. "पाह्य, थांबला नाई. आपल्या भजनात कोनी असा चुकला त मीच त्याले डोळे दाखवतो. याले कोनी लाजाले शिकवलंच नाई."

त्या वर्षी गणपतीसाठी मंडळाने त्यांचा प्लेअर मागितला. पोरं न्यायला आली तेव्हा काकाजी सेकंड शिफ्टला होते. काकूंनी उचलून दिला. तबकडी त्यावरच राहिली. सकाळी स्थापनेच्या वेळी, आरतीचीच रेकॉर्ड लावलेली आहे असं समजून चिटणिसांनी सुई टेकवली, आणि भोंग्यातून अख्ख्या सेक्टरवर त्या शब्द विसरणाऱ्या पोराचा फाटका गळा किंचाळला.

लोक पोट धरून हसले. म्हातारे चिडले. चिटणिसांनी तबकडी वर धरून विचारलं, "कोनाची होय हे बोंबाबोंब?"

आरतीचं ताट काकाजींच्या हातात होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलू नको, एवढंच त्या नजरेत होतं. मी मान खाली घातली.

"मले नाई मालूम," काकाजी म्हणाले. "साहेबाच्या प्लेअरसंगं कुठून तरी आली असन. फेका."

फेकली नाही. सजावटवाल्याला बाप्पाच्या डोक्यामागे काहीतरी गोल हवंच होतं. त्याने ती थर्माकोलवर चिकटवली, सोनेरी रंग मारला, कडेने चमकी लावली. शोभून दिसते, सगळे म्हणाले. काकाजींनाही म्हणावं लागलं.

रोज आरतीला ते तिच्यासमोर उभे राहत. जवळून पाहिलं तर रंगाखाली रेघा दिसायच्या. तुम्ही त्यांची खंजिरी आधी ऐकली असती, तर तुमच्याही लक्षात आलं असतं की ती आता चुकते आहे.

ड्युटीला जाताना सायकलवर एकदाच ते माझ्याशी त्याबद्दल बोलले. "थो पोरगा शब्द विसरला, तरी लपला नाई. अन् मी त्याले चार लोकांत ओळखलंबी नाई."

सांगून टाका ना, मी म्हणालो.

"आता? बाप्पाच्या मांगून काढून मागू?"

विसर्जन शिवनाथ नदीवर झालं. मूर्ती आत नेणाऱ्यांत काकाजी पुढे होते, छातीभर पाण्यात. मूर्ती बुडाली आणि ती सोनेरी तबकडी थर्माकोलसकट सुटून वर आली. त्यांच्या अगदी समोरून हळूहळू निघाली. काठावरून चिटणीस म्हणाले, "काकाजी, थे धरून घ्या, पुढच्या वर्षी कामी येईन."

हात लांबवला असता तर मिळाली असती, कुणाला काहीही न सांगता. काकाजींनी दोन्ही हात जोडले, आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत खाली घेतले नाहीत.