चेन गेली

मामाने मुंबईहून रेक्झिनची पिशवी पाठवली, तेव्हा पोलादपुरात आमच्या आळीत तशी कुणाकडेच नव्हती. तिला चेन होती. आम्हाला ठाऊक बटणं, नाहीतर नाडी. बाबा शाळामास्तर, दम्याने बेजार. महाडला डॉक्टरांकडे निघताना आईने बाबांच्या, तेव्हा दम्यावर देत त्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या त्याच पिशवीत टाकल्या आणि कौतुकाने चेन लावली. मी तेव्हा चौथीत होते.

एसटी गच्च भरलेली. पुढच्या ट्रकचा धूर खिडकीतून आत आला आणि बाबांना धाप लागली. त्यांनी आईकडे नुसता हात केला. आईने चेन ओढली. ती चार बोटं सरकली आणि आत ठेवलेल्या पंच्याचा धागा तिच्या दातांत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. आईने हिसका दिला, तर ओढायची पट्टीच तुटून हातात आली.

"अगो बाय, चेन गेली! माझी चेन गेली!"

कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली. "कुणी खाली उतरायचं नाही! बाईंची चेन मारलीय!"

माणसं आईच्या गळ्याकडे बघायला लागली. कुणी विचारलं, "किती तोळ्याची होती?"

"अरे, पिशवीची! पिशवीची चेन!"

"म्हणजे पिशवीत ठेवली होती काय?"

बाबांचे ओठ निळे पडत चालले होते. मी "गोळी, गोळी" करून रडत होते, पण त्या गलक्यात माझं कोण ऐकणार? आई रेक्झिनला दातांनी फाडू पाहत होती.

मागच्या बाकावर तुडील गावची एक म्हातारी होती. ती एकटीच बाबांकडे बघत होती. तिने गाठोड्यातून विळा काढला. "सर गो, बाजूला हो," म्हणाली आणि पिशवी उभी फाडली. आईने गोळी बाबांच्या जिभेखाली सारली.

"बाई, नीट सांगायचं ना," कंडक्टर ओशाळून म्हणाला.

"मग दुसरं काय म्हनतात तिला?" आईने विचारलं. कंडक्टरने दोनदा घंटी मारली.

ड्रायव्हरने मधे कुठे न थांबता गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली. इंजेक्शन दिलं. दुपार कलल्यावर बाबांचा श्वास जाग्यावर आला. त्यांनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारलं, "कुणाची गं चेन चोरीला गेली?"

तेव्हा कुठे आई रडली. डॉक्टरांना ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरून.