छत्तीस श्वास
ऑनलाइन वर्गात कोणी शिरल्याची टुंग वाजली की मला लॉकडाऊनमधला तो तास आठवतो. बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या माझ्या घरातून मी वैद्यकीच्या मुलांना श्वास मोजायला शिकवत होतो. प्रत्येकाने घरातलंच माणूस समोर बसवलं होतं. वडिलांसमोर बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर, अप्पांचे मिनिटाला छत्तीस." "बसलेल्या माणसाचे इतके कसे? चुकलीस, पुन्हा मोज," मी चिडूनच म्हणालो. तिने पुन्हा मिनिटभर मोजले. "सर, छत्तीसच." मी तिला अप्पांचा शर्ट वर करून कॅमेरा जवळ न्यायला लावला. श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. "ॲम्ब्युलन्स बोलाव, आत्ता!" मी ओरडलो. अप्पा पंधरा दिवसांनी घरी आले. आजही विद्यार्थ्याला चूक म्हणण्याआधी मी रुग्णाकडे बघतो.