प्रेमला काकूच्या नावाचा डबा

दैवशाला आत्या गिरणीचा दगड टाकी लावून खरबरीत करून राह्यली व्हती. एका हातात हातोडी, एका हातात छिन्नी, तोंडाला गमजा. टक टक टक. मधीच थांबली आन् कोपऱ्यातल्या एका डब्याला म्हणली, "काय भाऊजी, आज बी न्हाई का? पाचवा दिवस हाय. पीठ जुनं व्हतंय."

मी समोरच्या वट्ट्यावर बसले व्हते. म्हणले, "आत्या, डब्याशी बोलून राह्यलीस, आता तुलाच दवाखान्यात न्यावं लागते."

"डब्याशी कशाला बोलू? ज्याचा डबा हाय त्याला बोलून राह्यले. तू गप बस, मीने."

हे आमच्या जालन्याकडच्या टेंभुर्णीतलं, दोन हजार वीसच्या मे महिन्यातलं. आत्या माझी सख्खी न्हाई. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी ती एकटी चालवती आन् सगळी गल्ली तिला आत्याच म्हणती. तिचा आवाज लई मोठा. वीस वर्षं चक्कीच्या आवाजावरून बोलायची सवय, चक्की बंद झाली तरी आवाज खाली येत न्हाई. तिच्या कानात गुपित सांगितलं की ती "असं व्हय" म्हणती आन् चार घरं दार उघडून बघतात. मास्क आला तवा सगळे कुरकुरले, आत्याला काहीच न्हाई वाटलं. पिठाच्या धुरळ्यानं तिच्या तोंडाला गमजा आधीपासूनच व्हता.

आन् एक गोष्ट तिच्या बापजन्मात झाली न्हाई. एकाचा डबा दुसऱ्याकडं गेला न्हाई. लोक भांड्यावर नाव घालतात ना, ती नावं तिला तोंडपाठ.

लॉकडाऊनमंधी गिरणी सकाळी चारच तास उघडी. पोलिसानं सांगितलेलं, चुन्याच्या गोलात डबा ठेवायचा आन् घरी जायचं. माणसाच्या जागी डब्यांची रांग. आत्याला ते बिलकुल सहन व्हईना. बडबड करायला कोणी न्हाई.

त्यात मुकुंद काका. जालन्याच्या कचेरीत बाबू व्हते, रिटायर झाले. प्रेमला काकू आदल्या वर्षी वारल्या, पोरगा पुण्याला. काका एकदिवसाआड अर्धा किलो जवारी घेऊन यायचे. मी म्हणले, "एकदाच पाच किलो आणा ना." आत्यानं मला चिमटा काढला. नंतर म्हणली, "त्याला पीठ कुठं पाहिजे? त्याला यायला कारण पाहिजे."

मंग एक दिवस काका गोलात उभे असताना खोकले. पिठाचा धुरळा गेला, दुसरं काय. पण कोणीतरी वरडलं, "हटा, म्हातारा खोकला." डबे ठेवायला आलेले सगळे मागं सरकले. काकांनी इकडं तिकडं पाह्यलं आन् डबा तिथंच सोडून घरी गेले. गेटला कडी लावली.

खोटं कशाला लिहू, वरडणारी मीच व्हते. तवा मला लई भ्या वाटायचं. हात धुऊन धुऊन कातडं निघालं व्हतं. शाळा फोनवर गेल्ती, घरात फोन एकच, तो भावाला. तिथंच माझी शाळा सुटली.

डबा काकूच्या लग्नातला. त्याच्यावर "सौ. प्रेमला" घातलेलं. काका तो डबा कोणाच्या हातात देत नसत, आन् आता तो सोडून घरात बसले. मी गेटाशी जाऊन दोनदा हाका मारल्या. "बरा आहे. जा तू," एवढंच आतून. नवव्या दिवशी दूधवाला म्हणला, काका दूध बी घेऊन न्हाई राह्यले.

आत्यानं चक्की बंद केली. काकूचा डबा उचलला, त्यातलं जवारीचं पीठ साधनाच्या डब्यात वतलं, आन् साधनाचं गव्हाचं पीठ काकूच्या डब्यात.

साधना म्हणजे आमच्या गल्लीतली नवी नवरी. नवरा पुण्यात कंपनीत अडकला, सासू लेकीकडं पिंपळगाव रेणुकाईला गेल्ती, ती तिकडंच अडकली. एवढ्या घरात एकटी पोरगी. एक किलो गव्हासाठी ती गिरणीवर तीनदा फोन करायची, झालं का म्हणून.

मी म्हणले, "आत्या, हा तर प्रेमला काकूचा डबा."

"दिसतंय मला."

"लोकं म्हणतीन, दैवशालाच्या गिरणीत डबे बदलतात. गिऱ्हाईक तुटंल."

"म्हणू दे. हा साधनाकडं दे आन् तो भाऊजीच्या गेटावर ठेव. जल्दी जा."

मी एक दिला, एक ठेवला. पीठ आणलं म्हणून वरडले आन् पळाले. धा मिनिटांत गेट वाजलं.

काका आले. दाढी वाढलेली, मास्क उलटा, हातात साधनाचा डबा.

"दैवशालाबाई, हा डबा कुणाचा?"

"तुमचाच की, भाऊजी."

"माझा? याच्यावर गुलाबी फुलं आहेत. 'मामाकडून भेट' लिहिलंय. मला कोणत्या मामानं डबा दिला?"

"मंग बदलला असंल."

"बदलला असेल? प्रेमलाचा डबा तुम्ही कुणालाही देऊन टाकाल?"

लोकं दारात येऊन उभे राह्यले. कितीक दिवसानं गल्लीत भांडण व्हतं. काका पंधरा मिनिटं बोलले. डब्यावरून सुरू केलं, मंग एका दिवाळीला चकलीची भाजणी जाडी दळली व्हती ते काढलं, मंग दूधवाला, मंग पोराचे दोन मिनिटाचे फोन. आत्या दगडाला टेकून ऐकत व्हती. "बराबर हाय," म्हणायची. काका थांबले की, "अजून?"

बोलून बोलून त्यांचा घसा बसला तवा आत्यानं त्यांना नंबर दिला. "साधनाकडं गेलाय. तुम्हीच मागा."

काकांनी तिथंच, गोलात उभं राहून फोन लावला. स्पीकरवर.

"माझ्या बायकोचा डबा तुमच्याकडे आलाय."

"हो, आलाय. पण काका, आत्ता तुम्हीच भांडून राह्यले व्हते का? मी खिडकीतून ऐकलं सगळं. आठ दिवसात कोणी एवढं मोठ्यानं बोललं न्हाई. बरं वाटलं."

काका हसले. खोकल्यासारखं हसले, पण या वेळेला कोणी हटलं न्हाई. मी तर नक्कीच न्हाई.

"माझी जवारी तुझ्या डब्यात आहे. राहू दे तुलाच. भाकर येते का?"

"न्हाई येत. मोडती."

"मोडणारच. कोमट पाणी घेत नसशील."

प्रेमला काकू आजारी असताना काका भाकर करायला शिकले व्हते, हे गल्लीला त्या दिवशी कळलं. मंग रोज फोन. इकडून काका सांगायचे, तिकडून साधनाची भाकर थापायचा आवाज यायचा. तिची पहिली भाकर फुगली तवा तिनं फोटो पाठवला. काकांनी तो पुण्याला पोराला पाठवला, पोरगा अर्धा तास बोलला.

तीन घरांनी त्या महिन्यात आत्याची गिरणी सोडली. गिरिजाबाई म्हणल्या, "दैवशालाचं ध्यान न्हाई राह्यलं." मी त्यांच्या दारात जाऊन भांडले. आत्या मला वढत घेऊन आली आन् म्हणली, "मर्जी त्यांची." पुढं तिनं अजून दोनदा डबे बदलले. कोणाचे ते मी सांगणार न्हाई, कारण त्या घरांना अजून वाटतं की चुकून झालं.

काकांना मी सांगून टाकलं, "हटा म्हणणारी मी व्हते."

"माहीत आहे," काका म्हणले. "तुझा आवाज दैवशालाबाईंवर गेलाय."

साधनाला आता तीन वर्षाची पोरगी हाय. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी काकांच्या गच्चीवर कुरडया घालायला गेल्तो. तिथं एक प्लास्टिकची खुर्ची, गिरणीकडं तोंड करून. मी बसून पाह्यलं. आत्याचा दगड, चुन्याचे गोल व्हते ती जागा, डबे ठेवायचा कोपरा, सगळं समोर.

"काका, इथून तर सगळं दिसतंय."

"ऐकूही येतं," काका म्हणले. "ते नऊ दिवस मी इथंच बसून होतो. ती डब्याला विचारायची, आज बी न्हाई का. मी इथून म्हणायचो, आज नाही. तिनं पीठ बदललं तेव्हाही मी बघतच होतो."

"मंग एवढे भांडले काऊन?"

"एवढं बोलावलं तिनं. जावं तर लागणारच होतं."