शिलाई बाहेरून

लग्नानंतर शिवलेला पहिला ब्लाउज मी सासूबाईंच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी तो आधी उलटा केला. गळा नाही पाहिला, बाही नाही पाहिली. आतल्या कडांवरून बोट फिरवलं, एका जागी लोंबणारं सूत चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "हे काय ठेवून दिलं?" नेपानगरला कागद कारखान्याच्या कॉलनीत मी शिवणाचा क्लास केला होता, तोही पहिल्या नंबराने. माझं तोंड एवढंसं झालं.

तेव्हापासून मला उलटी बाजू बघायची खोड लागली ती लागलीच. दुकानात कपडा हातात आला की मी आतून बघते आणि दुकानदार वैतागतो. बुऱ्हाणपुरात कापडाला काही तोटा नाही. गल्लोगल्ली माग खडखडतात, आमचे हेही पॉवरलूमवरच कामाला आहेत. पण कापड विणणं वेगळं आणि त्याची कड नीट मिटवणं वेगळं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्या साडीला फॉल लावायच्या तेव्हा बाहेरून टाका शोधून सापडायचा नाही. कौतुक मात्र कोणाचं करायच्या नाहीत. माझं तर नाहीच, पोटच्या मुलीचंही नाही.

मागच्या वर्षी त्या न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळल्या. साडी सुटली, गाऊन आला. गाऊन त्यांना मुळीच पसंत नव्हता. "पोतं घातलं मला," म्हणायच्या. मी त्यांची कूस बदलायची, पुसायचं, पावडर लावायची, चादर ओढून सरळ करायची, की परत कूस बदलायची. दिवस कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं. मी थकले होते. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. प्रेमाने करत होते असंही नाही, करायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून करत होते.

मग कुशीवर, हाडाच्या उंचवट्यावर, लाल चट्टा उठला. चार दिवसांत कातडी गेली. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने गाऊन वर करून दाखवलं. बगलेपासून पायापर्यंत जाणारी इंटरलॉकची जाड शिलाई बरोबर जखमेवरून गेली होती. आजूबाजूला दोऱ्याचा वळ उमटलेला. "ही शिलाई टोचते आजींना," ती म्हणाली. "जखम खोल गेली तर दवाखान्यात न्यावं लागेल, आणि या वयात मग भरवसा नाही."

मला स्वतःचाच राग आला. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांची उलटी बाजू बघत फिरले आणि घरातल्या गाऊनची बघितली नाही.

नवं कापड चालणार नव्हतं, त्याला खळ असते. मऊ, धुऊन धुऊन झिजलेलं सुती हवं होतं. घरातल्या जुन्या साड्या कधीच भांडेवालीला देऊन त्यांची पातेली झाली होती. सासूबाईंच्या दोनच सुती उरल्या होत्या. एक रोजची. दुसरी जांभळी, इच्छापूरला देवीच्या दर्शनाला जाताना नेसायची, सायीसारखी मऊ झालेली. ती त्यांनी पेटीत वेगळी ठेवली होती. "मी गेली म्हणजे हीच नेसवजो," असं सगळ्यांना बजावून झालं होतं. तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

मी रोजची कापली. पाठ पूर्ण उघडी ठेवली आणि तिथे साडीचे काठच येतील असं बेतलं, कारण काठाला दुमडावं लागत नाही आणि त्याची सुतंही निघत नाहीत. खांद्याला जोड दिलाच नाही. बगलेची शिलाई मात्र टाळता येईना. ती मी बाहेर काढली. एक कड आखूड कापली, दुसरी तिच्यावर दुमडली, नखाने दाबून बसवली आणि बाहेरच्या बाजूने हाताने तुरपाई केली. गळ्याची तिरकी कापलेली उरेब पट्टीही बाहेरच पलटली. आतून सगळं सपाट. तळहात फिरवला तर कुठे अडखळला नाही.

सासूबाईंनी बघितलं मात्र, तोंड फिरवलं. "उलटं घालून मी काय पागल दिसू? लोक काय म्हणतील?"

"लोक टोचून घ्यायला येणार आहेत का?" मीही चिडून बोलले. तोवर माझ्यातला गोडवा संपला होता. शेवटी घातला त्यांनी. चार दिवसांनी सिस्टर म्हणाली, जखम वाढायची थांबलीय. पण गाऊन एकच. तो भिजायचा, धुवायचा, वाळेपर्यंत पुन्हा दुकानातला चढवावा लागायचा आणि संध्याकाळपर्यंत जखमेची कड पुन्हा लाल व्हायची. हातातोंडाशी आलेलं असं रोज परत जाताना बघून मी रडकुंडीला यायचे. पेटीकडे नजर जायची. मागायची हिंमत झाली नाही.

त्यात नणंद आली. ती इच्छापूरला दिलेली, घरची केळीची बाग. केळ्यांची पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने आईकडे पाहिलं. "वहिनी, मायला गाऊन उलटा घालून दिला! ध्यान कुठं राहते तुमचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"उलटा नाही तो. तिनं तसाच शिवला. आत हात घालून पाह्य. एक टाका लागून नाही राहिला."

नणंदेने हात घातला, फिरवला आणि मग पिशवी खाली ठेवली. मी चहाच्या निमित्ताने आत आले. ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही, त्यालाही ताकद लागते. फक्त वाटलं, इथेच खाली बसावं आणि थोडा वेळ कोणी हाक मारू नये.

हाक आलीच. नणंद गेल्यावर सासूबाईंनी पेटी उघडायला सांगितली. जांभळी साडी काढायला लावली. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, अगदी पहिल्या ब्लाउजवरून फिरवलं होतं तसंच, आणि घडी माझ्याकडे सरकवली.

"याचा शिव."

"माय, ही तर तुम्ही..."

"मेल्यावर काय टोचणार आहे मला?" त्या म्हणाल्या. "आता टोचून राहिलं ना. काप."

मी कात्री आणली आणि त्यांच्यासमोरच बसून साडी कापली.