माझ्या हातांनी बिघडलेला घोटा

त्या दिवसांत देवीवरचा माझा विश्वास उडत चालला होता. पाऊस दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता, आणि माझी तेरा वर्षांची लेक सुमन तीन आठवडे लंगडत होती. आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरायला मीच तिला उतरवलं होतं. पायरीवरून ती घसरली आणि घोटा आत वळला.

मी गावात हाडं बसवायची. माहूरच्या रेणुकेनं माझ्या हाताला गुण दिलाय असं लोक म्हणायचे, मलाही तसंच वाटायचं. "मुरगळलाय," मी म्हणाले. रोज तेल लावून चोळलं, ओढलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. ती रडायची, "माय, नको ना, लई दुखून राहिलंय." मी ऐकलं नाही. सूज उतरेना, टाच टेकेना. शेवटी तिला घेऊन माहूर गाठलं.

पाठीवर लेक घेऊन गडाच्या निम्म्या पायऱ्या चढले आणि खाली बसले. देवीला नाही नाही ते बोलले. दर्शन घेऊन उतरणारी एक बाई थांबली. तिनं सुमनचा पाय मांडीवर घेतला, आतल्या बाजूच्या हाडावर एकच बोट दाबलं. सुमन किंचाळली.

"हे मुरगळणं न्हाई, ताई. वाढत्या लेकराचं हाड टोकाशी कोवळं असतं, तिथंच मोडतं. आता चोळू नका. हाडाचा फोटो काढा, एक्स-रे."

ती लातूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमचा तालुका नुकताच नव्या लातूर जिल्ह्यात गेलेला, पण लातूर शहर मी पाहिलंही नव्हतं. दर्शन न घेताच आम्ही तिच्याबरोबर एसटीत बसलो.

डॉक्टरांनी दोन्ही पायांचे फोटो शेजारी धरून दाखवले. हाडाचा तुकडा सरकला होता, चीर वाढीच्या जागेतून गेली होती. "लगेच आणली असती तर बहुतेक प्लास्टरवर भागलं असतं," ते म्हणाले. ऑपरेशन करून स्क्रू बसवला. सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. वाढ थांबली तर घोटा वाकडा होईल, हेही त्यांनी सांगितलं. व्हरांड्यात मी हात पदराखाली लपवून बसले. देवीचं नावसुद्धा तोंडात येईना. ती नर्स रोज यायची, सुमनच्या पायाची बोटं हलवून बघायची, आणि मलाच आधी विचारायची, "जेवलात का?"

घोटा थोडा आत कललाच. वर्षभरानं ते स्पष्ट दिसलं. सुमन चालते, शाळेत जाते. पळताना मागं राहते. ते मी केलंय, आणि ते पुसता येत नाही.

त्या पायरीवर कोण भेटलं, देवी की नुसती एक भली बाई, मला ठाऊक नाही. त्या बाईचे उपकार मात्र फिटणार नाहीत. आता कुणी सुजलेला पाय घेऊन आलं की मी हात लावत नाही. "मला यातलं कळत नाही," एवढं सांगते आणि लातूरच्या गाडीपर्यंत सोबत जाते.